सोमवारचा प्रश्न, रविवारचा प्रश्न

तीस वर्षं मी अमरावतीत सोमवार ते शनिवार शिकवलं की माणूस इतर प्राण्यांमधूनच हळूहळू घडत आला, आणि रविवारी सकाळी नऊ ते दहा शिकवलं की देवानं त्याला मातीपासून घडवला. खडू तोच, आवाज तोच, ओरडणंही तेच. रविवारी फक्त शर्टाला इस्त्री असायची.

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला हे नीट समजावून सांगायला हवं. मी स्टीफन तायडे. मिशनच्या शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राचा शिक्षक होतो. शिवाय कॅथलिक आहे. आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, संपली की मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो, पार बारावीपर्यंत. देवाच्या आज्ञा, संस्कार, बायबलमधल्या गोष्टी असं सगळं त्यात येतं. शिकवणाऱ्याला पगार नसतो, चहा असतो. जानेवारीत लेखी परीक्षा होते, मार्क मिळतात आणि तपासलेले पेपर पालकांच्या सहीसाठी घरी जातात. सहीची ही पद्धत लक्षात असू द्या, तिनेच माझा घात केला.

शाळेत वर्गात साठ पोरं असली तर त्यातली कॅथलिक चार-पाच. पण ती चार-पाच तोंडं मला आठवड्याचे सातही दिवस समोर. सोमवारी फळ्यावर उत्क्रांतीचा तक्ता काढताना ती तोंडं माझ्याकडे अशी बघायची, जणू काल चर्चमध्ये दिसलेला मी कोणी दुसराच होतो आणि आज त्याचा जुळा भाऊ आलाय.

उत्क्रांतीचा धडा हा आमच्या विषयातला सगळ्यात भांडखोर धडा. पचनसंस्थेवरून कोणी शाळेत भांडायला आल्याचं मला आठवत नाही. पण हा धडा लागला की वरांड्यात पालक दिसायला लागायचे. एकदा एक गृहस्थ आले, चेहरा लालबुंद. त्यांचे वडील स्कूटरवरून पडले होते, डॉक्टरांनी माकडहाडाला मार लागलाय म्हणून सांगितलं. झालं! नातवानं पाहुण्यांनी भरलेल्या घरात जाहीर केलं की आजोबांचं माकडहाड म्हणजे आपल्याला पूर्वी शेपूट होती याचा पुरावा आहे, तायडे सरांनी सांगितलंय. "सर, माह्या बापाले पाहाले येणारे लोक आता मांगून पाहून राहिले," ते म्हणाले. मी म्हटलं, माकडापासून माणूस झाला असं मी कधीच शिकवलेलं नाही. माकडाचा आणि माणसाचा फार मागचा पूर्वज एक होता, असं शिकवतो. ते म्हणाले, "म्हंजे माकड आमचा चुलतभाऊ?" मी म्हटलं, हो, लांबचा. घाम पुसत ते म्हणाले, "मंग ठीक हाये. चुलतभावाईशी आमचं तसंही बोलनं नाई."

हा धडा शिकवायला मला दोघांची मदत असायची. एक आमच्या प्रयोगशाळेतले सलीमभाई. ते परिचर म्हणून लागले आणि माझ्याआधी तिथे होते. दुसरा हाडांचा सांगाडा, तोही माझ्याआधीपासून. पूर्वी शाळांत खऱ्या माणसाचे सांगाडे असत, आमचा तसाच होता. दर वर्षी दोन नोव्हेंबरला, म्हणजे आम्ही कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतो त्या दिवशी, आमच्या प्राचार्या सिस्टर सकाळी प्रयोगशाळेत यायच्या आणि सांगाड्यापुढे मेणबत्ती लावायच्या. "हाही कोणाचा तरी मुलगा होता," एवढंच म्हणायच्या. पहिल्या वर्षी मला हसू आलं. पण शेजारी सलीमभाईंनी दोन्ही हात पसरून त्यांची दुआ सुरू केली. सांगाडा कोणत्या धर्माचा, कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ज्याला जे येत होतं ते त्यानं म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच सांगाड्याच्या कमरेला पट्टी लावून माकडहाड दाखवत होतो. मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. पण का वाटत नव्हतं, हे मी कोणा मुलाला कधी सांगितलं नाही, आणि ही माझी चूक पुढच्या सगळ्या चुकांची आई आहे.

सलीमभाई मला एकदा म्हणाले होते, "सर, ये आदम वाला झगड़ा हमारे यहाँ भी है. आप निपटा लो तो मुझे बताना." मी हो म्हटलं आणि विसरलो.

आता रीटाकडे येतो. रीटा इंगळे ही जोसेफभाऊ इंगळे यांची एकुलती एक मुलगी. जोसेफभाऊंचं कॉटन मार्केटच्या रस्त्यावर कृषी केंद्र आहे, म्हणजे बियाणं, खत, फवारणीच्या औषधांचं दुकान. माणूस भारी देवभोळा. चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी बायबलमधलं पहिलं वाचन बहुतेक रविवारी तेच करायचे, आणि असं करायचे की मागच्या बाकावरची झोपलेली पोरं दचकून उठायची. त्यांचं एकच स्वप्न होतं. रीटानं बारावी करून अकोल्याला कृषी विद्यापीठात जायचं, डिग्री आणायची आणि दुकानात बसायचं. गिऱ्हाइकाला बियाण्याची पिशवी देता देता सांगायचे, "माही पोट्टी अकोल्याले जाऊन राहिली. मंग तुमाले शास्त्रोक्त सल्ला भेटन. आता माह्यावरच भागवा."

रीटा हुशार होती, आणि हुशार मुलीचा त्रास मास्तरालाच होतो. एका रविवारी आदाम-एवेची गोष्ट चालू असताना तिनं हात वर केला.

"सर, आदामाले माकडहाड होतं का?"

बाकीची पोरं एकदम जागी झाली. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "हा सोमवारचा प्रश्न आहे."

सोमवारी तिनं साठ पोरांसमोर दुसराच काढला. "सर, माणूस हळूहळू घडला तर आत्मा कोणत्या पिढीत आला? आईले नव्हता आणि लेकराले होता, असं झालं का?"

"हा रविवारचा प्रश्न आहे," मी म्हटलं. वर्ग हसला. मीही हसलो. रीटा नाही हसली. खाली बसताना हळूच म्हणाली, "सर, मंग तुमी सोता काय मानता, ते कोणत्या वारी इचारू?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. तीस वर्षांत मी ही कला चांगली कमावली होती. शाळेत देवाचं नाव काढलं तर पालक म्हणतील मास्तर धर्माचा प्रचार करतो. चर्चमध्ये उत्क्रांतीचं नाव काढलं तर लोक म्हणतील मास्तर नास्तिक झाला. दोन्हीकडे तोंड मिटलं की दोन्हीकडे मान मिळतो. आणि मला तो मिळत होता.

मग आला जानेवारी. बारावीची सराव परीक्षा आणि धर्मशिक्षणाची वार्षिक परीक्षा एकाच आठवड्यात पडल्या. दोन्हींचे गठ्ठे माझ्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी होते. बायकोनं पोळ्या वाढायला जागा करताना ते एकावर एक ठेवले. मला डोळ्यांचा त्रास, हातात लाल पेन, आणि पेपर तपासणारा मास्तर चाळीसाव्या पेपरानंतर माणूस राहत नाही, यंत्र होतो. जिथे पाठ केलेलं दिसेल तिथे शेरा मारायचा, एवढंच हाताला कळतं.

एका पेपरात प्रश्न होता, माणूस कसा निर्माण झाला. उत्तर होतं, देवाने त्याला मातीपासून घडवले व त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला. मी त्यावर आडवी रेघ मारली, शून्य दिला आणि समासात लिहिलं, 'पाठांतर नको. पुरावा लिही.' खाली सही.

तो रीटाचा धर्मशिक्षणाचा पेपर होता.

चूक एकाच बाजूनं झाली असती तरी बरं. जीवशास्त्राच्या गठ्ठ्यातल्या एका उत्तराला मी पैकीच्या पैकी मार्क देऊन खाली लिहिलं होतं, 'फार सुंदर. देवाचे आभार मान.' तो मुलगा बौद्ध घरातला. वडील बँकेत, फार सभ्य माणूस. शाळेत येऊन मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "सर, आम्ही देव मानत नाही, पण मार्क मानतो. तेवढे राहू द्या." मी त्यांची माफी मागितली. ते हसत गेले. इकडे जोसेफभाऊ हसले नाहीत.

पुढच्या रविवारी मिस्सा संपली आणि लोक चर्चच्या अंगणात चहा घेत होते. जोसेफभाऊ पेपर हातात घेऊन सरळ माझ्यापुढे आले. रीटा मागे खाली मान घालून उभी होती.

"सर, हे अक्षर तुमचंच व्हय?"

"हो."

"मंग वाचून दाखवा. माह्या डोळ्याले दिसून नाई राहिलं."

त्यांच्या डोळ्यांना लांबच्या खांबावरची पाटीही दिसते. पण मी वाचलं. एका म्हाताऱ्या बाईंनी क्रुसाची खूण केली.

"पुरावा आता माह्या पोट्टीनं द्याचा काय? थ्या टायमाले थे तेथी हजर होती काय?"

मी गठ्ठ्यांची भानगड सांगितली. बायकोचा उल्लेख टाळला, घरी जायचं होतं. जोसेफभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमाले वाटलं हा सायन्सचा पेपर हाये."

"बरोबर."

"मंग सायन्समदी हे उत्तर चूक हाये?"

असा प्रश्न मला कोणत्याही निरीक्षकानं विचारला नव्हता. मी म्हटलं, "सायन्समध्ये तो प्रश्नच वेगळ्या पद्धतीनं..."

"चूक हाये का बरोबर हाये?"

"भाऊ, चहा थंड होतोय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेपराची घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "रीटा अकोल्याले जात नाई. ज्या शिक्षणानं तुमच्यासारख्या जुन्या मानसाची अशी गत झाली, थे माह्या पोट्टीले नोको."

बाप्पा! मला वाटलं दोन दिवसांत राग उतरेल. उतरला नाही. मी आमच्या तरुण फादर बिजूंना गाठलं. फादर केरळचे. मराठी पुस्तकातून शिकले, त्यामुळे ती आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी जोसेफभाऊंना बोलावून चाळीस मिनिटं समजावलं. "आपण मुळीच चिंता करू नये. चर्च विज्ञानाच्या विरोधात नाही. मानवाचे शरीर कसे घडत आले, हे विज्ञानाने अवश्य शोधावे. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः देतो." मीही जोर लावला. आनुवंशिकतेचे नियम ज्यानं शोधले, बापाचा रंग मुलात का उतरतो हे ज्यानं सांगितलं, तो मठात राहणारा धर्मगुरूच होता, मठाच्या बागेत वाटाणे लावून त्यानं हे शोधलं, असं सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटली. त्या माणसाचे नियम मी तीस वर्षं शिकवले, पण तो धर्मगुरू होता हे एकाही मुलाला सांगितलं नव्हतं.

जोसेफभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "वाटाणे लावले, चांगलं केलं. वाटाण्यापासून मानूस झाला असं तर नाई ना म्हटलं त्यानं?" मग फादरकडे वळून म्हणाले, "फादर, तुमी बदलीवरचे. तुमच्या जागी उद्या दुसरे येतीन, थे दुसरं सांगतीन. माही पोट्टी एकच हाये."

बारावीचा निकाल लागला, रीटा उत्तम गुणांनी पास झाली. मी मे महिन्यात निवृत्त झालो. सलीमभाईंनी निरोपाच्या दिवशी मला शाल दिली आणि विचारलं, "सर, वो निपटा क्या?" मी नाही म्हटलं. जूनमध्ये एका सकाळी रीटाच्या आईचा, सिसिलियाताईंचा फोन आला. बाई कमी बोलतात, पण बोलल्या की पुरतं.

"सर, फॉर्म ऑनलाइन हाये. सगळं भरून झालं. शेवटी ओटीपी मांगते, आन् थो येते पोट्टीच्या पप्पाच्या मोबाइलवर. मोबाइल याईच्या खिशात. दिवसातून चार येळा वाजते, हे पाहतात आन् परत खिशात ठेवतात. उद्या शेवटची तारीख हाये. पोट्टी जेवून नाई राहिली. तुमीच लावलं, आता तुमीच निस्तरा."

मी पायात चप्पल सरकवली आणि निघालो.

पेरणीचे दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रीटा कोपऱ्यातल्या टेबलावर बिलं करत होती, डोळे सुजलेले, समोर लॅपटॉप उघडा. जोसेफभाऊंनी मला बघितलं, बसायला खताच्या पोत्याकडे हात केला आणि गिऱ्हाइकाकडे वळले. मी पोत्यावर बसलो. वरून पंखा फिरत होता, तो खताचा वास सगळ्यांना सारखा वाटून देत होता.

गिऱ्हाईक होतं दर्यापूरकडचं, साठीतलं, चिडलेलं. त्याला दहा वर्षांपूर्वीचंच कपाशीचं बियाणं हवं होतं, ज्याला बोंडअळी लागत नव्हती. आताच्या कंपन्या बदमाश झाल्या, बियाण्यात पाणी घालतात, असं त्याचं म्हणणं.

"कंपनीले काहून शिव्या देता, दादा?" जोसेफभाऊ म्हणाले. "बियाणं थेच हाये. अळी बदलली."

"अळी कायले बदलन?"

"आता आयका. पयल्या वर्षी वावरात शंभर अळ्या आल्या. ह्या कपाशीच्या अंगातच अळीचं जहर, थे खाल्लं आन् नव्व्याण्णव मेल्या. एक वाचली. काहून वाचली? तिच्या अंगातच काही येगळं होतं. तिनं काही शिकलं नाई, कोनी तिले शिकवलं नाई. जन्मतःच तशी. बरं, मंग वावरात उरली कोन?"

"थेच."

"पिल्लं कोनाचे झाले?"

"तिचेच."

"मेलेल्या अळीले तर लेकरं होत नाई ना! मंग दुसऱ्या वर्षी त्या पिल्लाईतले जे टिकले त्याईचे पिल्लं. असे दहा वर्षं झाले. आता तुमच्या वावरात सगळे त्या एकीचेच नातू-पणतू फिरून राहिले. म्हनून म्या दरसाली वरडतो, पिशवीत साध्या कपाशीचं येगळं पाकीट येते, थे बांधाच्या कडंनं पेरा, फेकू नोका. साध्या अळ्याईले बी जागा ठेवा, म्हंजे त्या जबर अळीचं लगन साध्या अळीसंग होईन आन् पिल्लं नरम होतीन. पन कोनी आयकत नाई!"

मी पोत्यावर ताठ बसलो होतो. तीस वर्षं मी हा प्रश्न परीक्षेत घातला, नैसर्गिक निवड सोदाहरण स्पष्ट करा, पाच गुण. असं उत्तर एकाही पोरानं लिहिलं नाही. मी असं शिकवलंही नव्हतं. मी शिकवायचो ते कुठल्यातरी लांबच्या बेटावरच्या पक्ष्यांच्या चोचींचं.

"जोसेफभाऊ!" मी उठलोच. "हेच! हेच ते! उत्क्रांती यालाच म्हणतात! तुम्ही काउंटरवर उभं राहून रोज तेच शिकवून राहिले!"

दर्यापूरचे दादा माझ्याकडे घाबरून बघायला लागले. रीटाची बोटं थांबली.

जोसेफभाऊ जराही हलले नाहीत. "थे मले ठाऊक हाये, सर. म्या काही भैताड नाई. अळी बदलते, झाड बदलते, कोंबडी बदलते. देवानंच तसा कायदा केला असन. पन अळीले आत्मा नसते. मानसाले असते. थो वावरातून नाई येत, देव देते."

मी पुन्हा पोत्यावर बसलो. फादरना जे सांगायला चाळीस मिनिटं लागली, ते या माणसानं बियाण्याची पिशवी देता देता सांगून टाकलं. चर्चचं म्हणणं तरी दुसरं काय आहे!

"अहो, मग भांडण कशाचं आहे?" मी म्हटलं. "तुमचं आणि फादरचं तर एकच आहे. द्या ना पोरीला ओटीपी."

त्यांनी दादांना पिशवी दिली, पावती दिली, वाटेला लावलं. बाकीच्यांना म्हणाले, "पाच मिंटं थांबा, चाय घ्या." मग काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून माझ्याकडे वाकले. आवाज एकदम खाली आला होता.

"सर, माह्या आजाले गावात कोनी मानूस म्हनत नव्हतं. बैलाले नाव घेऊन बोलवत, त्याले थेही नाई. एक पाद्री आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हने, तुले देवानं सोताच्या हातानं घडवलं. बस. एवढ्या एका गोष्टीवर आजा ताठ उभा राहिला. मरेपर्यंत थेच सांगे, देवाचा हात लागला हाये मले. थेच त्यानं माह्या बापाले देलं, बापानं मले देलं. म्या रीटाले. दुसरं काय हाये आमच्या घरात? आन् तुमी त्याच्यावर रेघ मारली. शून्य. पुरावा लिही म्हने."

आमच्या घराची कहाणी काही वेगळी नव्हती. फक्त ती आमच्या घरात आता कोणी सांगत नव्हतं.

"मले अळीची भीती नाई, सर. माकडाची बी नाई. तुमची हाये. रीटा म्हने, सर कधीच सांगत नाई का सोता काय मानतात. एक तर इकडचं सांगतात, नाई तर तिकडचं. म्हंजे यवढं शिकून मानसाले सांगता बी येत नाई अशी गत होत असन, तर पोट्टीले कायले पाठवू? आता सांगा. देवानं माह्या आजाले घडवलं का नाई?"

चहावाला पोऱ्या कप ठेवून गेला, पण कोणी हात लावला नाही. चार गिऱ्हाइकं होती, त्यातली दोन अगदी अनोळखी. रीटा माझ्याकडे बघत होती. मला घड्याळ बघावंसं वाटलं. सवय!

"घडवलं," मी म्हटलं. "मी मानतो. आणि घडवायला त्याला कोट्यवधी वर्षं लागली, हेही मानतो. मधे मासे आले, माकडांचे पूर्वज आले, सगळं आलं. भाऊ, वरूडकडं संत्र्याचं कलम लावतात, ते फळासाठी पाच वर्षं थांबतात की नाही? मग त्याला थांबता येऊ नये? हात लागला म्हणजे झटक्यातच लागला पाहिजे असं कोणी सांगितलं? तुमच्या आजोबांना हात लागलाच होता. फक्त तो फार मागून, फार लांबून येत होता."

मला वाटलं इथं थांबावं, बरं जमलंय. पण एकदा सुटलेलं तोंड थांबेना.

"पण एक मला कळत नाही, ते पण सांगून टाकतो. त्या मेलेल्या नव्व्याण्णवांचं काय? अळ्यांचं सोडा, माणसांतही तसंच चालत आलं. एक टिकला, बाकी गेले. कनवाळू देवानं अशी पद्धत का ठेवली? मी चाळीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून हेच विचारतो. उत्तर आलं नाही. तरी जातो. न जाऊन करमत नाही. आणि सोमवारी वर्गात शिकवायचो तेही खरं मानूनच शिकवायचो. बस, एवढंच आहे माझ्याकडं. पुरावा नाही."

मला वाटलं, संपलं. बारा वाजवले मी पोरीचे. ओटीपी तर राहिलाच, आता दुकानाचं दारही माझ्या तोंडावर बंद करतील.

"हे पोट्टीले कधी सांगितलं?" जोसेफभाऊंनी विचारलं.

"नाही."

"काहून?"

"भीती वाटायची. शाळेची वाटायची, चर्चची वाटायची."

"म्हंजे इतके वर्षं तुमी दोनीकडं अर्धेच गेले," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. सहज म्हणाले, आणि म्हणून ते अजून बोचतं.

एवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. रीटानं मागे बटण दाबलं होतं, पुन्हा एकदा. जोसेफभाऊंनी फोन काढला, हात लांब करून धरला. त्यांच्या डोळ्यांना जवळचं खरंच दिसत नाही, ते मला तेव्हा कळलं. मग खाकरले, आणि मिस्सेच्या वाचनाला उभे राहतात तसे सरळ उभे राहिले.

"चार," ते म्हणाले. "सात. सात. शून्य. दोन. नऊ."

रीटानं आकडे भरले आणि रडायलाच लागली. "पप्पा, येळ संपली म्हनते. परत पाठवते, परत वाचा."

"अबे, एक तर मुष्किलीनं वाचलं!" जोसेफभाऊ ओरडले. चारही गिऱ्हाइकं हसली. दुसऱ्या वेळी त्यांनी इतक्या घाईनं वाचलं की तिला तीनदा विचारावं लागलं. फॉर्म गेला. जोसेफभाऊंनी फोन काउंटरवर उलटा ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "हं, तुमाले काय पायजे?" माझ्याकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही, पण मी निघताना एका पिशवीत भाजीचं बियाणं भरून माझ्या हातात कोंबलं.

रीटा दारापर्यंत आली. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "सर, हे मले दोन वर्षांआधी सांगितलं असतं तर म्या एवढी एकटी नसती पडली. मले वाटे, असे प्रश्न फक्त मलेच पडतात, म्हनून माह्यातच काही खोट असन." आणि आत गेली.

ती आता अकोल्यात तिसऱ्या वर्षाला आहे. सुटीत येते तेव्हा बाटलीत अळ्या घेऊन येते आणि सिसिलियाताई ती बाटली घराबाहेर ठेवतात. रविवारी बापाशेजारी बसते. काय मानते, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, तिच्या अंगात ती धमक आहे.

शाळा संपली होती, पण रविवार माझ्याकडे होता. त्या जूनमध्ये, फॉर्म गेला त्याच्या पुढच्याच रविवारी मी धर्मशिक्षणाच्या वर्गात उभा राहिलो. सहा पोरं होती. दोन जांभया देत होती. फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हटलं, "आज मी स्वतः काय मानतो, ते सांगणार आहे. शाळेतलं आणि इथलं, दोन्ही. काय कळत नाही, ते पण सांगणार आहे."

पुढच्या बाकावरच्या एकानं लगेच वही उघडून तारीख टाकली आणि विचारलं, "सर, हे परीक्षेले हाये का?"

"नाही," मी म्हटलं.

मग सहाही जणांनी पेनं खाली ठेवली आणि माझ्याकडे बघायला लागले.